कोरिनच्या ओळखी

४ फेब्रुवारी, मंगळवार

नोकरी गेलेल्यांना धीर द्यायला कंपनीनेच एक बाई नेमली आहे. तिने आज दोन गोष्टी सांगितल्या. एक, मनात येईल ते लिहीत जा, मोकळं वाटतं. दुसरी, लोकांना भेटा, त्यांच्याबरोबर कॉफी प्या, ओळखी वाढवा. नोकऱ्या अर्ज भरून मिळत नाहीत, माणसांकडून मिळतात. हे ऐकताना शेजारी बसलेली कोरिन होल्टकॅम्प अशी मान डोलवत होती की जणू बाई तिचंच कौतुक करत होती. मी पहिली गोष्ट तेवढी घ्यायची ठरवली.

कोरिनने आणि मी एकाच लॅबमध्ये, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना अकरा वर्षं काढली. दह्याला, सरबताला, खोकल्याच्या औषधाला जो फळाचा स्वाद असतो, तो आमच्यासारखी माणसं बाटल्यांतून थेंब थेंब काढून तयार करतात. कंपनी विकली गेली, नव्या मालकांना सिनसिनाटीची लॅब नको होती, आणि दोघींच्या हातात एकाच सकाळी आपापल्या सामानाचं खोकं आलं. मी घरी येऊन रडले. कोरिन म्हणे पार्किंगमध्येच गाडीत बसून लोकांना फोन करत होती.

संध्याकाळी मलाही केला. "मार्ला, रडून झालं का गं? झालं असेल तर उद्या कॉफीला ये. दोघी मिळून काहीतरी ठरवू." तिचा हा उत्साह मला कधीच सोसला नाही. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

अर्जाबरोबर जोडायची माहिती लिहायला बसले आणि अर्ध्या पानात संपली. आमच्या धंद्याची हीच गोम आहे. मी केलेलं पीच देशभरातल्या दुकानांत दह्याच्या डब्यांतून विकलं जातं, पण डब्यावर नाव दहीवाल्यांचं, आणि कुठला स्वाद कुणी केला हे कुठे बोलणार नाही अशी आम्ही सही केलेली. त्यामुळे काय लिहायचं? 'फळांचे स्वाद, दुधाचे पदार्थ, दीर्घ अनुभव.' असं कुणीही लिहील.

ते पीच करताना मी जवळजवळ वर्षभर झटले. सगळे पीच करतात ते गोळीसारखं गोड करतात. माझ्या पिचात बाठ्याजवळचा तो किंचित कडसर वास आहे, खरं फळ चोखून खाल्लं की शेवटी लागतो तो. कोरिन समोर बसून चाखायची आणि नाक मुरडायची. "छान आहे गं, पण अजून आपण बाठ्यापर्यंत पोचलो नाही," असं एकदा म्हणाली होती. म्हणायला काय जातं, करायचं मला होतं. एरवी ती गिऱ्हाइकांशी गप्पा मारण्यातच गुंतलेली असायची.

असो. जाणकार माणसाला अर्ध्या पानावरूनही कळतं. निदान कळायला हवं. चार ठिकाणी अर्ज टाकले.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आमच्या धंद्यातल्या लोकांचं महिन्याचं जेवण होतं. ड्वाइट म्हणाला, घरात बसून भिंतींशी भांडण्यापेक्षा जा. ड्वाइट माझा नवरा. पावाची गाडी चालवतो, पहाटे निघतो, आणि जगातल्या कुठल्याही दुःखावर त्याचा एकच उपाय, बाहेर पड.

दारात छातीवर लावायची पट्टी देतात. वर नाव, खाली कंपनी. खालच्या ओळीत काय लिहावं हे मला सुचेना, म्हणून कोरी सोडली, आणि तिथे ओळ कोरी आहे हेच मग सगळ्यांना दिसत राहिलं. कोरिनने काय लिहावं? 'सध्या मोकळी, विचारा.' लोक वाचून हसत होते आणि खरंच विचारत होते. मी चीजच्या टेबलापाशी उभी राहून सगळं पाहिलं. तिच्याभोवती घोळका. नदीपलीकडे कोव्हिंग्टनला ज्याची लॅब आहे तो एल्डन रीकेसुद्धा त्यात होता. एरवी हा माणूस कुणाशी चार वाक्यं बोलत नाही, पण तिच्याशी पाव तास बोलला.

मध्येच तिने मला हात करून बोलावलं. मिरवायचं असेल. मी बाथरूममध्ये निघून गेले.

चार अर्जांपैकी एकाचंही उत्तर नाही.

७ मार्च, शुक्रवार

ईस्टरआधीचे, मांस न खाण्याचे उपासाचे शुक्रवार सुरू झाले. चर्चच्या तळघरात तळलेला मासा आणि कोबीची कोशिंबीर, नेहमीसारखं. कोरिन आमच्या चर्चची नाही, तरी आली होती. आली ती आली, वर एप्रन बांधून ताटं वाढायला लागली. रांगेतल्या प्रत्येकाला काहीतरी विचारत होती. तुमच्या मुलीचा गुडघा कसा आहे, तुमचा भाऊ अजून त्या आइस्क्रीमवाल्यांकडेच आहे का. ड्वाइट म्हणाला, "ही महापौर व्हायला हवी होती." मी म्हटलं, हिला कुणाच्या गुडघ्याचं काही पडलेलं नाही, तिला त्या भावाशी काम आहे. ड्वाइट म्हणाला, "असेल. पण विचारलं तर खरं." आणि मासा खायला लागला.

निघताना तिने मला गाठलं. "तुझा अर्ज मला पाठव ना. एकदा नजर टाकते."

तेवढी मी भोळी नाही. आम्ही दोघी एकाच कामाच्या, एकाच शहरातल्या. तिला बघायचंय मी काय लिहिलंय आणि कुठे पाठवलंय. घरी जाऊन पाठवते म्हटलं आणि पाठवला नाही. रात्रीतच तिने दोनदा आठवण करून दिली. इतकी चिकाटी उगीच असते का?

१२ मार्च, बुधवार

रीकेच्या लॅबमध्ये जागा निघाली. फळांचे स्वाद, दुधाचे पदार्थ. माझ्यासाठीच लिहिल्यासारखी जाहिरात. या शहरात आमच्या धंद्यातली जागा वर्षा-दोन वर्षांतून एखादी निघते. ही हातची गेली तर न्यू जर्सीला जावं लागेल, आमचा सगळा धंदा तिकडेच आहे. ते ऐकल्यावर ड्वाइट मागच्या अंगणात जाऊन उगीचच उभा राहिला. हे घर त्याच्या आजोबांनी बांधलेलं आहे. त्याच्या पावाच्या फेरीवरचा प्रत्येक दुकानदार त्याला लहानपणापासून ओळखतो. तो तिकडे येईल, माझ्यासाठी येईल, आणि मग रोज असाच अंगणात उभा राहील.

तासाभरात अर्ज भरून टाकला. कोरिनला कळू द्यायचं नाही.

१३ मार्च, गुरुवार

सकाळीच कोरिनचा फोन. "रीकेकडची जागा पाहिलीस का? नक्की भर हं. मला वाटलंच होतं या महिन्यात निघेल."

वाटलंच होतं! म्हणजे जाहिरात येण्याआधीपासून बाईसाहेबांना माहीत. आणि आता मी भरलाय की नाही याची चाचपणी. मी म्हटलं, बघू, अजून ठरवलं नाही. ती म्हणाली, "मार्ला, नुसता साइटवर भरलेला अर्ज तिथेच पडून राहतो गं. मी बोलू का त्याच्याशी?"

बोल की, तुला कोण अडवतंय. स्वतःसाठी तर बोलतेच आहेस. हे मनात. तोंडाने म्हटलं, नको, माझं काम बोलेल.

२१ मार्च, शुक्रवार

आज बाजारात गेले होते आणि कॉफीच्या दुकानाच्या काचेतून दोघं दिसली. कोरिन आणि एल्डन रीके. ती हातवारे करून काहीतरी सांगत होती, बोटं नाकापाशी नेत होती, आणि तो पुढे वाकून ऐकत होता. मी गाजरं हातात घेऊन फुटपाथवर उभी होते.

मत्सर म्हणजे काय हे मला आज कळलं. राग वेगळा असतो, राग निवतो. हे पोटात बसतं आणि खातं. मी काय कमी आहे तिच्यापेक्षा? माझं नाक तिच्यापेक्षा तिखट आहे, हे ती स्वतः म्हणते. माझे केस वेळेआधी पिकले ते त्या बाटल्यांवर वाकून. आणि नोकरी कुणाला, तर जिला काचेमागे बसून हात हलवता येतात तिला. तिची मोठी बहीण मेली तेव्हा मी दोन आठवडे तिचं काम केलं होतं. तेव्हा ती माझ्या गळ्यात पडून म्हणाली होती, हे मी विसरणार नाही. विसरली.

घरी येऊन सूप केलं, त्यात मीठ दोनदा पडलं. ड्वाइटने ते तसंच संपवलं.

२ एप्रिल, बुधवार

एल्डन रीकेचा स्वतःचा फोन! परवा कॉफीला याल का म्हणाला. मुलाखत नाही, नुसतं भेटू.

बघा. मी कुणाच्या पुढे-पुढे केलं नाही, कुणाच्या मुलीचा गुडघा विचारला नाही. अर्ध्या पानाचा अर्ज, आणि माणूस आपणहून फोन करतो. ड्वाइटला मी हे चारचौघांत सांगावं तसं सांगितलं. तो म्हणाला, "छान झालं. पण त्याला तुझा घरचा नंबर कुठून मिळाला? तू अर्जात मोबाइल देतेस ना?" मिळाला असेल कुठून तरी. मोठी माणसं शोधून काढतात.

४ एप्रिल, शुक्रवार

शांतपणे लिहायचा प्रयत्न करते.

रीके मवाळ माणूस आहे. आपल्या कपाची कॉफी आधी हुंगतो, मग पितो. मीही तसंच करते, त्यामुळे बरं वाटलं. थोडं इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाला, "एका पीचबद्दल ऐकलंय मी. बाठ्याजवळचा कडसरपणा आणला होता म्हणे कुणीतरी. कुठल्या दह्यात ते मला सांगू नका, विचारतही नाही."

माझ्या डोळ्यांपुढे काचेमागचे ते हातवारे आले. म्हणजे माझं पीचसुद्धा तिने आपल्या नावावर खपवलं! मी एवढंच म्हटलं, ते काम माझं होतं.

"माहीत आहे मला," तो म्हणाला.

हे ऐकून इतकं बरं वाटलं की काय सांगू. अर्जात पीचचा शब्दही नाही, तरी या माणसाने ओळखलं. म्हणतात ना, जाणकार तो जाणकार.

मग कप बाजूला सारून त्याने विचारलं, "कोरिन होल्टकॅम्पबरोबर तुम्ही बरीच वर्षं होतात. कशी आहे कामाला? अगदी मोकळेपणाने सांगा."

मी खोटं बोलले नाही. एकही शब्द खोटा नव्हता. म्हटलं, माणसांशी वागण्यात तिचा हात कुणी धरणार नाही. तो म्हणाला, ते दिसतंच, आणि टेबलावर? मी कॉफीचा एक घोट घेतला. मग म्हटलं, "टेबलावर तिला बसायला वेळच कुठे मिळायचा? टेबल आम्ही सांभाळत होतो."

असं होय, एवढंच तो म्हणाला, आणि कॉफी संपवली.

परतताना पुलावर गाणं गुणगुणत होते. बऱ्याच दिवसांनी पोटातलं ते खाणं थांबलं होतं.

१६ एप्रिल, बुधवार

चाचणी झाली. तीन कप समोर ठेवतात, दोन सारखे, एक वेगळा. वेगळा ओळखायचा, आणि का वेगळा ते सांगायचं. मध्ये साधं बिस्किट आणि पाणी. एकदाही चुकले नाही. मला मिळाली! ड्वाइटने मला स्वयंपाकघरात उचलून गोल फिरवलं आणि मग कंबर धरून खाली बसला.

रात्री जेवायला बाहेर गेलो. इथली खास चिली, म्हणजे शेवयांवर मसालेदार खिमा, वर चीजचा डोंगर. तिथे वर्षानुवर्षं आम्हाला वाढणाऱ्या बाईला ड्वाइट सांगत होता, आम्ही कुठेही जात नाही, इथेच आहोत.

१९ एप्रिल, शनिवार

कोरिन घरी आली, हातात केक. तिला कुणी सांगितलं कोण जाणे, मी तर सांगितलं नव्हतं. मला घट्ट मिठी मारली. मी तिच्या तोंडाकडे बघत होते, कुठेतरी जळफळाट दिसेल म्हणून. तिच्या जागी मी असते तर माझ्या तोंडावर नक्की दिसला असता. काही दिसलं नाही. चांगली नटी आहे.

मी म्हटलं, बघ, नुसता साइटवर अर्ज भरला होता, कुणाची ओळख ना पाळख. ड्वाइटने माझ्याकडे बघितलं. कोरिनने केकचा तुकडा कापता कापता म्हटलं, "हो का? चांगलं झालं ना मग." आणि तुकडा ड्वाइटच्या ताटलीत वाढला.

जाताना दारात विचारलं तिने, अगदी सहज, रीके आणखी कुणाला घेणार आहे का काही बोलला का. मी नाही म्हटलं. आणि ते खरं होतं, तो मला काही बोललेला नव्हता.

५ मे, सोमवार

पहिला दिवस. खिडकीतून नदी दिसते. माझं टेबल मोठं आहे आणि समोरची बाजू रिकामी आहे. स्ट्रॉबेरीवर काम सुरू केलं. संध्याकाळपर्यंत कुणी नाक मुरडलं नाही, कुणी काही म्हटलं नाही. शांतता छान वाटली. थोडी जास्तच होती.

२० मे, मंगळवार

एल्डनने दुपारी केबिनमध्ये बोलावलं. आता आम्ही एकमेकांना नावाने हाक मारतो. म्हणाला, तुमच्यासमोरची जागा भरायची आहे, फार दिवस रिकामी ठेवता येणार नाही. मग चष्मा काढून पुसत बसला.

"खरं सांगू का मार्ला? तुमची ही जागा मी आधी कोरिनला देऊ केली होती. ती म्हणाली, फळांचं काम असेल तर आधी मार्लाला बोलवा, तिच्याइतकं नाक या शहरात नाही, मला मागाहून बघा. तुमच्या पीचची गोष्ट तिनेच सांगितली. तुमचा नंबरही तिनेच दिला. साइटवर एवढे अर्ज आले होते, तुमचा मी कॉफीनंतर शोधून काढला."

मी त्याच्या चष्म्याकडे बघत होते.

"समोरची जागा मी तिच्यासाठीच ठेवली होती. पण तुम्ही त्या दिवशी जे बोललात... इतकी वर्षं समोरासमोर बसलेलं माणूस असं म्हणतं म्हटल्यावर मी तो विचार सोडून दिला. अजूनही मन थोडं मागेपुढे होतंय. तुमचं मत तेच आहे ना?"

विचार करून सांगते म्हटलं.

२१ मे, बुधवार

झोप नाही. सकाळपासून स्वतःला सांगतेय, उद्या जाऊन सांगायचं, एल्डन, मी जळून बोलले होते, टेबलावर ती माझ्याइतकीच होती, आणि पीचला बाठ्यापर्यंत तिनेच ढकललं. चार वाक्यं आहेत. एवढ्याने कुणी मला काढणार नाही. फक्त त्यानंतर तो माझ्याकडे ज्या नजरेने बघेल, ती नजर मला नको आहे.

आणि खरं लिहायचं तर तेवढंच नाही. मला वाटलं होतं, ही चांगली आहे हे कळल्यावर तरी मत्सर जाईल. गेला नाही, वाढला. आता तिच्या चांगुलपणाचाही हेवा वाटतोय. स्वतःची नोकरी गेलेली असताना दुसरीचं नाव पुढे करायचं, वर ते बोलून दाखवायचं नाही, वर केक आणायचा! ती समोर येऊन बसली तर रोज सकाळी मला ते बघावं लागेल. रोज कुणीतरी म्हणेल, किती गोड बाई आहे. आणि ते खरं असेल.

ड्वाइटला यातलं काही सांगितलेलं नाही. तो सांग म्हणेल.

२३ मे, शुक्रवार

एल्डनने जिन्यात विचारलं, ठरलं का. मागून माणसं वर येत होती.

मी म्हटलं, "मत तेच आहे."

तो म्हणाला, बरं, मग जाहिरात देऊ, येतील ते अर्ज पाहू.

दिवसभर स्ट्रॉबेरी लागेना. जिभेवर काहीच उमटत नव्हतं. सर्दी असेल.

२७ मे, मंगळवार

जाहिरात लागली. तिला दुसरीकडून कळण्याआधी मीच फोन केला, तेवढं बरं दिसतं. ती न्यू जर्सीला एका मुलाखतीला जाऊन आली होती. तिकडे नाही झालं, आवाज दमलेला होता. मी तिला असा कधी ऐकला नव्हता. म्हटलं, कोरिन, आमच्याकडे जागा निघालीय, साइटवर आहे, भरून टाक.

तिचा आवाज एकदम उजळला. "खरंच? अगं, मी आजच घर विकायचं बोलणार होते. आता नाही बोलत." मग हसली, ते तिचं नेहमीचं हसणं. "आता मला कसली काळजी, मार्ला? आत तू आहेस."